डाग

तसे आम्ही सोन्याचे. पितळेला हात लावत नाही.
पण झेफेरीन कुतिन्यो आला तो उशीच्या अभ्र्यात
सॅक्सोफोन गुंडाळून, आजारी पोर आणावं तसा,
आणि म्हणाला, शेट, ह्याला एक डाग दे.

डाग म्हणजे आमच्यात सांधा. डाग म्हणजे दागिना.
आणि धुऊन जात नाही तोही.
कुठला हवा ते मी विचारलं नाही. शेगडी फुलवली.

कुडतरीत वाद्य कुणाकडे नाही?
सांत आलेशच्या इगर्जीत मेस्त छडी घेऊन सोल्फा शिकवायचा,
चुकलेला सूर तळहातावर उमटायचा.
झेफेरीनचा उजवा हात, तो सांगतो, वर्षभर 'फा'च होता.
अठराव्या वर्षी मुरगावहून बोट, मोंबासा,
दिवसा बंदराच्या कचेरीत मालाच्या याद्या,
रात्री गोऱ्यांच्या क्लबात वॉल्ट्झ.
पाय उसने आणल्यासारखे नाचायचे, म्हणाला,
मोजून घ्यायचे, मोजून परत द्यायचे.

मग सात जण जमले. किलिंदिनी सेव्हन.
पुढे नऊ झाले, एका नाताळात अकरा,
नाव सातच राहिलं,
कारण ड्रमवर रंगवून झालं होतं
आणि रंगारी पैसे घेऊन गेला होता.
ड्रमवर ओलुओच. गिटारवर कियाला,
काँगोहून एक सरोवर आणि दोन तुरुंग ओलांडून आलेला,
त्याचं वाजवणं म्हणजे मुठीतून सांडणारे तांदूळ.
गायला झुवेना. तिची स्वाहिली
झेफेरीनला अर्धी कळायची.
उरलेली तो वाजवायचा.

देश स्वतंत्र झाला त्या आठवड्यात
वॉल्ट्झची पानं कियालाने मासेवालीला देऊन टाकली.
त्यानंतर रुंबा.
एकेक गाणं इतकं लांब की तबकडीच्या एका बाजूत मावेना,
मधेच तोडायचे,
आणि लोक तबकडी उलटेपर्यंत
एक पाय वर धरून उभे.

हा पोचा?
किसुमूचा. ट्रक उलटला, माणसं वाचली.
हा?
ब्याऐंशीचा ऑगस्ट. संचारबंदी. शिपायाला बंदूक वाटली.
आणि हा खालचा, नारळाएवढा?
हा क्लबमालकाच्या डोक्याचा. तीन महिन्यांचे पैसे.

मी ठोकत गेलो, एकेक गाव सपाट होत गेलं.
मग कॅसेट आली, तो म्हणाला,
अकरा माणसांच्या जेवणापेक्षा एक मशीन स्वस्त.
ओलुओच टॅक्सी चालवतो. चालवायचा.
कियालाचं पत्र एकदा आलं, पत्त्याशिवाय.

तोंडाच्या कडेवर मोहरीएवढे खळगे होते, एका रांगेत.
हातोडी उचलली तसा त्याने मनगट धरलं.
तो पोचो तसोच दवर, शेट.
झुवेना शेजारी उभी राहायची,
चांदीच्या अंगठीने तिथे ठेका धरायची,
सोळा वर्षं.

आता चांदी मऊ.
पितळेला खळगा पाडेल अशी चांदीची अंगठी
माझ्या बापानेही पाहिलेली नाही.
मुलामा असणार, आत लोखंड.
किंवा अंगठी नव्हतीच, दुसरंच काही.
सोनाराने कान टोचावेत म्हणतात.
मी टोचले नाहीत.
त्या खळग्यांवरून नुसतं फडकं फिरवलं,
तेही हलक्या हाताने.

संध्याकाळी त्याने लावून पाहिला.
नवे दात पकड घेईनात.
दोन सूर निघाले, रायतळ्यापर्यंत गेले असतील,
तिसऱ्याची नुसतीच हवा झाली.
झेफेरीन थांबला.
त्याचा डावा पाय जमिनीपासून बोटभर वर होता
आणि तो खाली ठेवायचं
त्याच्या ध्यानात आलं नाही.

मजुरी सांगायला मी तोंड उघडलं होतं.
तसाच राहिलो.